उसने स्वादुपिंड

मधुमेहाची ओळख भारतीय वैद्यकाला फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन भेद सांगितले आहेत. एक सहज, म्हणजे जन्माबरोबर आलेला, आणि दुसरा अपथ्यातून उद्भवलेला. पहिल्याचा रोगी कृश असतो आणि दुसऱ्याचा स्थूल, असेही निरीक्षण त्या ग्रंथात नोंदलेले आहे. आजचे वैद्यक ज्याला पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणते तो खरोखर जन्मजात नसतो. तथापि तो बहुधा बालपणी किंवा ऐन तारुण्यात प्रकट होतो, आणि उपचार न मिळाल्यास रोगी दिवसेंदिवस झिजत जातो. त्या प्राचीन वर्गीकरणातील कृश रोग्याची आठवण त्यामुळे सहजच होते. परंतु रोग ओळखणे निराळे आणि त्याचे मूळ सापडणे निराळे. हे मूळ जठराच्या मागे आडव्या पसरलेल्या स्वादुपिंडात दडलेले आहे, हे कळण्यास १८८९ साल उजाडावे लागले. निकामी झालेल्या या इंद्रियाच्या मदतीला दुसऱ्याचे इंद्रिय आणून बसविले तर रोगच नाहीसा होईल काय, हा प्रश्न त्यानंतर लवकरच विचारला गेला. त्याच्या उत्तराचा इतिहास धाडसाचा आहे, तसाच तो हिशेबाचाही आहे. रोग्याला काय लाभले आणि त्यासाठी त्याला काय मोजावे लागले, हा हिशेब या इतिहासाच्या प्रत्येक पानावर मांडावा लागतो.

स्वादुपिंडाकडे निसर्गाने दोन कामे सोपविली आहेत. अन्न पचविणारा तीव्र रस तयार करून तो आतड्यात सोडणे हे पहिले काम, आणि या कामी त्याचा बहुतेक सारा भाग गुंतलेला असतो. दिवसाकाठी लिटरभर किंवा त्याहूनही अधिक रस या लहानशा ग्रंथीतून पाझरतो. दुसरे काम करणाऱ्या पेशी मात्र अगदी थोड्या. १८६९ मध्ये बर्लिन येथे पाउल लांगरहान्स या तरुण विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात या पेशींचे पुंजके प्रथम वर्णिले. पण त्यांचे कार्य काय हे त्याला सांगता आले नाही. पुढे १८९३ मध्ये एदुआर लागेस या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्यांना लांगरहान्सची बेटे असे नाव दिले आणि ती रक्तात काही स्राव सोडत असावीत असा तर्क केला. साऱ्या स्वादुपिंडात या बेटांचा वाटा शेकडा एक-दोनच असतो. मधुमेहाच्या रोग्याला हवी असतात ती ही बेटे, आणि प्रत्यारोपणात त्याच्या पदरी पडते ते सारे इंद्रिय, त्याच्या दाहक रसासकट. शल्यविशारदांची पुढली सारी धडपड या विषम वाटणीतून जन्मली.

१८८९ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे ओस्कार मिन्कोव्हस्की आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले. त्या कुत्र्याला वारंवार लघवी होऊ लागली, आणि तपासणीत तीत भरपूर साखर आढळली. ग्रंथी गेली आणि मधुमेह झाला, हा कार्यकारणभाव लख्ख दिसला. त्यापुढचा प्रयोग तर याहूनही बोलका होता. मिन्कोव्हस्कीने, आणि स्वतंत्रपणे फ्रान्समध्ये एदोनने, कुत्र्याच्याच स्वादुपिंडाचा एक तुकडा त्याच्या कातडीखाली जगविला आणि उरलेली ग्रंथी काढून टाकली. मधुमेह झाला नाही. नंतर तो तुकडाही काढला, तेव्हा मात्र झाला. आतड्याशी काहीही संबंध नसताना कातडीखालचा एक तुकडा साऱ्या शरीराची साखर सांभाळू शकतो, हे यावरून सिद्ध झाले. प्रत्यारोपणाच्या कल्पनेचे बीज येथेच पडले.

ते माणसावर पेरून पाहण्यास फार काळ लागला नाही. डिसेंबर १८९३ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे वॉटसन विल्यम्स या डॉक्टरांसमोर पंधरा वर्षांचा एक मुलगा मधुमेहाने मृत्युपंथाला लागला होता. नुकत्याच मारलेल्या मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे त्याच्या कातडीखाली बसविण्यात आले. मुलगा तीन दिवसांनी मरण पावला. १९१६ मध्ये न्यूकॅसल येथील फ्रेडरिक पायबस यांनी मृत माणसाच्या स्वादुपिंडाचे तुकडे वापरून पाहिले. त्यांनाही टिकाऊ यश आले नाही. परकीय ऊतक शरीर का स्वीकारत नाही, याचे ज्ञान त्या काळी नव्हते. या प्रयत्नांना आज कोणी भाबडे म्हणेल. परंतु ज्या रोगात मूल उपासाने आणि तहानेने डोळ्यांदेखत वाळत जाई, त्या रोगासमोर हात बांधून बसणेही तितकेच कठीण होते, हे विसरता कामा नये.

मग टोरांटोचा चमत्कार घडला. फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जॉन मॅक्लाउड आणि जेम्स कॉलिप यांच्या परिश्रमांतून स्वादुपिंडाचा अर्क सिद्ध झाला, आणि जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला तो टोचण्यात आला. पहिल्या टोचणीचा विशेष उपयोग झाला नाही. बारा दिवसांनी कॉलिपने शुद्ध केलेला अर्क दिला, तेव्हा रक्तातील साखर झपाट्याने उतरली. इन्शुलिनने मरणाऱ्यांना उठविले. हे औषध हाती आल्यावर ग्रंथीच बदलण्याची कल्पना मागे पडली, यात नवल नाही.

परंतु इन्शुलिन हे जगण्याचे साधन होते, रोगाचे निर्मूलन नव्हते. निरोगी स्वादुपिंड घटकेघटकेला साखरेचा अंदाज घेऊन जरुरीपुरता स्राव सोडते. सुई दिवसातून काही वेळा अंदाजाने तेच करू पाहते. हा अंदाज खाली चुकला तर रोगी बेशुद्ध पडतो. वर चुकत राहिला तर वर्षानुवर्षे सूक्ष्म रक्तवाहिन्या खराब होत जातात. पूर्वी जी मुले वर्ष-दोन वर्षांत दगावत ती आता वीस-वीस वर्षे जगू लागली, आणि तेव्हाच या रोगाचे दुसरे रूप वैद्यांना दिसले. डोळ्यांची दृष्टी जाऊ लागली, पायांच्या नसा बधिर होऊ लागल्या. १९३६ मध्ये बॉस्टनमध्ये किमेलस्टील आणि विल्सन यांनी मधुमेह्यांच्या मूत्रपिंडांत आढळणाऱ्या विशिष्ट गाठींचे वर्णन केले. इन्शुलिनने आयुष्य दिले होते, आणि त्या आयुष्याच्या उत्तरार्धात मूत्रपिंडे निकामी होण्याचे संकट उभे होते. स्वादुपिंड बदलण्याचा विचार पुन्हा वर आला तो याच वाटेने.

एव्हाना दोन मोठ्या अडचणींचे स्वरूप उलगडले होते. फाटलेल्या रक्तवाहिन्या जोडण्याची कला अलेक्सिस कॅरेल या फ्रेंच शल्यविशारदाने विसाव्या शतकाच्या प्रारंभीच दाखवून दिली होती. तिच्यामुळे तुकडे कातडीखाली ठेवण्याऐवजी सबंध इंद्रिय रक्तप्रवाहात बसविणे शक्य झाले. दुसरी अडचण अधिक खोल होती. पीटर मेडावर यांनी त्वचारोपणाच्या अभ्यासातून दाखविले की, परकीय ऊतकाचा नकार हा शरीराच्या प्रतिकारशक्तीचाच व्यापार आहे. एकाच दात्याची त्वचा दुसऱ्यांदा लावली तर ती पहिल्यापेक्षा लवकर नाकारली जाते. शरीर आपला वैरी लक्षात ठेवते. डिसेंबर १९५४ मध्ये बॉस्टन येथे जोसेफ मरे यांनी मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले, ते एकरूप जुळ्या भावांमध्ये, म्हणजे जेथे आपपर भावच नव्हता तेथे. पुढे १९६० नंतरच्या काळात अझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड ही औषधे एकत्र वापरून परक्याचे मूत्रपिंडही टिकविता येऊ लागले.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात, मिनियापोलिस शहरी, डिसेंबर १९६६ मध्ये विल्यम केली आणि रिचर्ड लिलेहाय यांनी मानवी स्वादुपिंडाचे पहिले प्रत्यारोपण केले. रोगी होती अठ्ठावीस वर्षांची एक स्त्री. मधुमेहाने तिची मूत्रपिंडे निकामी झाली होती. तिला मृत दात्याचे मूत्रपिंड आणि स्वादुपिंडाचा एक भाग असे दोन्ही बसविण्यात आले; स्वादुपिंडाची पाचकरस वाहून नेणारी नलिका बांधून टाकण्यात आली. सहा दिवस त्या स्त्रीला बाहेरून इन्शुलिन द्यावे लागले नाही. सहा दिवस! इतिहासाच्या मोजमापाने हा क्षण अल्प; परंतु कित्येक वर्षे सुईवर जगलेल्या शरीराने दुसऱ्याच्या स्वादुपिंडाच्या बळावर आपली साखर आपण सांभाळली, ही गोष्ट त्यापूर्वी कधीही घडली नव्हती. नंतर ग्रंथीला दाह झाला आणि इन्शुलिन पुन्हा सुरू करावे लागले. नाकारण्यापासून इंद्रियाला वाचविणारी स्टेरॉइड औषधे स्वतःच साखर वाढवीत होती. काही महिन्यांतच ती स्त्री मरण पावली. पुढल्याच वर्षी केपटाउन येथे हृदयाचे प्रत्यारोपण झाले आणि त्याचा जगभर गाजावाजा झाला. मिनियापोलिसच्या त्या सहा दिवसांची वार्ता वैद्यकाच्या नियतकालिकांबाहेर फारशी गेली नाही.

लिलेहाय यांनी हा प्रयत्न पुढे चालविला. बांधलेली नलिका ग्रंथीच्या मुळावर येते हे ओळखून त्यांनी सबंध स्वादुपिंड, आतड्याच्या सुरुवातीच्या भागासह, बसविण्यास आरंभ केला. तरीही १९७७ पर्यंत साऱ्या जगात नोंदलेल्या अशा शस्त्रक्रिया साठांहूनही कमी होत्या, आणि वर्षभर काम देणारी स्वादुपिंडे बोटांवर मोजण्याइतकी. मांस पचविणारा तो रस शिवणीतून झिरपला की पोटातील ऊतकेच पचवू लागे. मग पू, रक्तस्राव आणि मृत्यू. या रसाची वाट लावण्यासाठी नाना युक्त्या झाल्या. न्यूयॉर्कमध्ये ग्लीडमन यांनी नलिका मूत्रवाहिनीला जोडून पाहिली. फ्रान्समध्ये लियाँ येथे दुबेर्नार यांनी नलिकेत रबरासारखा पदार्थ भरून ती बुजवून टाकली. स्टॉकहोममध्ये ग्रोथ यांनी रस आतड्यातच सोडण्याचा मार्ग सुधारला. १९८० नंतर विस्कॉन्सिन येथे सोलिंगर यांनी तो मूत्राशयात सोडला, आणि ही रीत अमेरिकेत बराच काळ रूढ झाली.

मूत्राशयाच्या या रीतीतून एक अनपेक्षित लाभ झाला. शरीर नव्या इंद्रियावर हल्ला करू लागले की पाचक रस प्रथम घटतो, साखर मागाहून वाढते. लघवीतील पाचक द्रव्याचे प्रमाण रोज मोजले की संकटाची चाहूल आधीच लागे. ज्या रसाने इतक्या रोग्यांचा घात केला होता, तोच आता पहारेकऱ्याचे काम करू लागला. पण येथेही मोल द्यावे लागले. रसाबरोबर शरीरातील क्षार वाहून जात, मूत्राशयाला दाह होई. म्हणून नवी औषधे आल्यावर, १९९० नंतरच्या दशकात, शल्यविशारद पुन्हा आतड्याच्या नैसर्गिक मार्गाकडे वळले.

ही नवी औषधे मातीतून आली. नॉर्वेतील मातीच्या नमुन्यात सापडलेल्या बुरशीपासून स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सायक्लोस्पोरिन हे द्रव्य मिळाले. १९७२ मध्ये त्याचा प्रतिकारशक्ती दडपण्याचा गुण लक्षात आला. केंब्रिजच्या रॉय काल्न यांनी १९७८ पासून ते प्रत्यारोपणाच्या रोग्यांना दिले. त्यांच्या पहिल्या मोठ्या अहवालात बत्तीस मूत्रपिंडांबरोबर दोन स्वादुपिंडेही आहेत. पुढे जपानमधील त्सुकुबा येथील मातीतल्या सूक्ष्म जीवापासून टॅक्रोलिमस मिळाले. या औषधांनी इंद्रियांचे आयुष्य पालटून टाकले. आता मूत्रपिंडाबरोबर बसविलेल्या दर दहा स्वादुपिंडांपैकी आठांहून अधिक वर्षाअखेर उत्तम काम करीत असतात, आणि २०१२ पर्यंत जगात अशी चाळीस हजारांहून अधिक प्रत्यारोपणे झाल्याची नोंद आहे.

मिनेसोटातील हे काम लिलेहाय यांच्यानंतर डेव्हिड सदरलँड यांनी हाती घेतले. १९७९ मध्ये त्यांनी जिवंत दात्याच्या स्वादुपिंडाचा शेपटाकडील भाग काढून तो रोगी नातलगाला बसविला. उरलेल्या भागावर दाता जगू शकतो. परंतु अशा काही दात्यांना पुढे स्वतःलाच मधुमेह जडला. आपल्या माणसाचा रोग हलका करण्यासाठी निरोगी माणसाने किती जोखीम पत्करावी, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही, आणि म्हणूनच जिवंत दाते या शस्त्रक्रियेत आज क्वचितच घेतले जातात.

याच दात्यांमध्ये काही एकरूप जुळी भावंडे होती. एकाला कित्येक वर्षे मधुमेह, दुसरा निरोगी. ऊतके तंतोतंत सारखी असल्याने नकाराचे भय नव्हते. म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिली नाहीत. इंद्रिय नाकारले गेले नाही, तरीही थोड्याच काळात मधुमेह परतला. तपासून पाहता नव्या स्वादुपिंडाचा पाचक भाग जसाच्या तसा होता. बेटांतील इतर पेशीही शाबूत होत्या. इन्शुलिन बनविणाऱ्या पेशी तेवढ्या वेचून नष्ट झाल्या होत्या. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची संरक्षक सेना स्वतःच्याच इन्शुलिनच्या पेशींवर उलटते, असा कयास १९७४ मध्ये रक्तातील प्रतिद्रव्यांच्या शोधाने बळावला होता. जुळ्या भावंडांच्या या अनुभवाने, १९८० नंतरच्या दशकात, त्याला माणसाच्या देहातच पुरावा मिळाला. रोग ग्रंथीचा खरा, पण मारेकरी ग्रंथीबाहेरचा. शस्त्रक्रिया फसली, आणि फसता फसता तिने रोगाचे मूळ दाखविले.

मग या उपायाने रोग्याच्या पदरात शेवटी काय पडते? १९९८ मध्ये फियोरेत्तो आणि मावर यांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या संदर्भात मोलाचा आहे. केवळ स्वादुपिंड बसविलेल्या आठ रोग्यांची मूत्रपिंडे त्यांनी पुन्हा पुन्हा तपासली. पाच वर्षांनंतर मधुमेहाने झालेली इजा जशीच्या तशी होती. दहा वर्षांनंतर मात्र ती ओसरू लागली होती. कायमची समजली गेलेली हानी भरून निघू शकते, पण त्यासाठी दहा वर्षे साखर निर्दोष राहावी लागते, असा त्याचा बोध आहे.

दुसऱ्या बाजूला या दहा वर्षांचे मोल आहे. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. त्यांनी संसर्गाचे आणि काही कर्करोगांचे भय वाढते, आणि त्यांतील प्रमुख औषधे खुद्द मूत्रपिंडालाही इजा करतात. म्हणून वैद्यकाने या उपायाला मर्यादा घालून घेतली आहे. मधुमेहाने मूत्रपिंड गेलेच असेल आणि ते बसवून ही औषधे घ्यावीच लागणार असतील, तर त्यासोबत स्वादुपिंड बसविण्याने औषधांचा नवा भार फारसा पडत नाही. केवळ स्वादुपिंड बसविण्याचा मार्ग राखून ठेवला आहे तो ज्यांची साखर अचानक, कसलीही पूर्वसूचना न देता, जीवघेणी उतरते अशा रोग्यांसाठी. ज्याचे इन्शुलिनवर बरे चालले आहे त्याला हा उपाय सुचविला जात नाही. एक रोग देऊन दुसरा घेण्याचा हा व्यवहार आहे, आणि देणे घेण्याहून जड होत असेल तेव्हाच तो न्याय्य ठरतो.

भारतात या व्यवहाराला कायद्याचा पाया १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मिळाला. मेंदू मृत झालेल्या व्यक्तीचे अवयव नातलगांच्या संमतीने घेण्यास त्याने मान्यता दिली. फेब्रुवारी १९९५ मध्ये तो अंमलात आला तेव्हा प्रथम स्वीकारणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेसारख्या ठिकाणी मूत्रपिंड व स्वादुपिंड एकत्र बसविण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत. तरीही देशातील त्यांची संख्या अद्याप अगदी अल्प आहे. मृत्यूनंतरचे अवयवदान मुळातच थोडे. त्यातही स्वादुपिंड हे नाजूक इंद्रिय, सगळ्याच दात्यांचे उपयोगी पडत नाही. क्षयासारखा संसर्ग जेथे घराघरांत शिरू शकतो, तेथे प्रतिकारशक्ती दडपणे अधिक जोखमीचे होते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

शेवटी गोष्ट पुन्हा त्या बेटांशी येऊन ठेपते. सबंध इंद्रियाऐवजी बेटेच वेगळी काढून द्यावीत, हा विचार अमेरिकेतील सेंट लुइस येथे पॉल लेसी यांनी उंदरांवरील प्रयोगांतून रुजविला. २००० मध्ये कॅनडातील एडमंटन येथे जेम्स शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात रोग्यांच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेत अशी बेटे सोडली. स्टेरॉइड मुळीच वापरले नाही. सातही जणांचे इन्शुलिन सुटले. पाच वर्षांनी मात्र या पद्धतीने उपचार झालेल्यांपैकी दहांत सुमारे एकजणच सुईवाचून राहिला होता. तथापि बहुतेकांची बेटे थोडेबहुत काम करीत होती, आणि साखर अचानक उतरण्याचे संकट कमी झाले होते. पोट न फाडता मिळालेला हा लाभ लहान नव्हे. पण एका रोग्यासाठी बहुधा दोन किंवा अधिक दात्यांची स्वादुपिंडे लागत. दाते आणायचे कोठून? म्हणून आता मूळ पेशींपासून प्रयोगशाळेतच बेटे तयार केली जात आहेत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पूर्ण मात्रा मिळालेल्या बारा रोग्यांपैकी दहाजण वर्षअखेर इन्शुलिनवाचून होते. दात्याची अडचण यातून सुटू शकेल. प्रतिकारशक्ती दडपण्याची औषधे मात्र या रोग्यांनाही घ्यावीच लागली.

ब्रिस्टलच्या त्या मुलापासून येथपर्यंत सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला. या काळात रक्तवाहिन्या जोडणे साधले, रसाची वाट सापडली, बेटे विलग करता आली, तीच आता घडविताही येऊ लागली. जुळ्या भावंडांनी दाखविलेला शत्रू तेवढा अद्याप जागच्या जागी आहे. स्वतःच्याच पेशींना परके मानणाऱ्या देहाची समजूत सबंध प्रतिकारशक्ती न दडपता घालता येईल, त्या दिवशी हा हिशेब मिटेल. तोवर उसने घेतलेल्या प्रत्येक स्वादुपिंडाचे व्याज रोग्यालाच भरावे लागणार. आणि ते किती असावे याची समज वैद्यकाला आली ती ज्या रोग्यांमुळे, त्यांतील बहुतेकांची नावेही इतिहासाला ठाऊक नाहीत.